एडविन स्टँटन, लिंकनचा युद्धमंत्री : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धाबद्दल (1861 ते 1865) लिहिलं की लिंकन आणि उत्तरेचा सेनापती ग्रँट यांच्याविषयी फार कुणी विचारत नाही. प्रश्नांचा भडिमार होतो तो स्टँटनवर. तो नायक होता की खलनायक, हे वाचकांना एकदाचं ठरवून हवं असतं. ते ठरवायच्या भानगडीत न पडता नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आहेत, किचकट नंतर. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

1. एडविन स्टँटन म्हणजे नेमका कोण?

जानेवारी 1862 ते मे 1868 अशी सहा वर्षांहून जास्त काळ अमेरिकेचा युद्धमंत्री असलेला माणूस. यातली पहिली सव्वातीन वर्षं लिंकनच्या हाताखाली गेली, उरलेली अँड्र्यू जॉन्सनच्या.

जन्म 19 डिसेंबर 1814, ओहायो राज्यातलं स्टूबेनव्हिल. वडील डॉक्टर होते. ते 1827 मध्ये गेले आणि मुलाला पुस्तकांच्या दुकानात नोकरी धरावी लागली. पुढे केनियन कॉलेजात नाव घातलं, पण पैसे संपल्यावर तेही सुटलं. वकिली मात्र साधली. दम्याचा विकार लहानपणी जडला तो मरेपर्यंत सुटला नाही. 1844 मध्ये पहिली पत्नी मेरी वारली आणि 1846 मध्ये धाकटा भाऊ डार्विन याने आत्महत्या केली. त्याच्या पुढच्या कोरड्या, तुसड्या वागण्याचं मूळ बरेच चरित्रकार या दोन वर्षांत शोधतात.

2. महिलांच्या मताधिकारासाठी लढलेली स्टँटन हीच का?

नाही. ती एलिझाबेथ कॅडी स्टँटन. तिच्या नवऱ्याचं नाव हेन्री स्टँटन. युद्धमंत्र्याच्या पत्नीचं नाव एलेन. हे त्याचं दुसरं लग्न, 1856 मधलं.

3. राजकारणात येण्याआधी त्याचं नाव कशामुळे झालं होतं?

वकिलीमुळे, आणि तीही मोठ्या खटल्यांच्या. ओहायो नदीवर व्हीलिंग इथे झुलता पूल झाला तेव्हा पिट्सबर्गच्या आगबोटींची उंच धुराडी त्याखालून जाईनात. पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या वतीने स्टँटन हा वाद सर्वोच्च न्यायालयात लढला आणि 1852 मध्ये जिंकला. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मग कायदा करून पूल वाचवला, ही गोष्ट वेगळी.

1858 मध्ये सरकारने त्याला कॅलिफोर्नियाला पाठवलं. तिथे लिमांतूर नावाच्या इसमाने मेक्सिकन राजवटीतली दानपत्रं दाखवून सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या भागावर मालकी सांगितली होती. स्टँटनने जुनी दप्तरं हुडकून काढली आणि कागद बनावट असल्याचं सिद्ध केलं.

बोलबाला झाला तो मात्र 1859 च्या सिकल्स खटल्याने. डॅनियल सिकल्स या खासदाराने पत्नीच्या प्रियकराला वॉशिंग्टनमध्ये भर रस्त्यात गोळ्या घातल्या होत्या. त्या घटकेपुरतं आरोपीचं डोकं ठिकाणावर नव्हतं, असा बचाव झाला आणि तो सुटला. या बचावावर कुणी सुटल्याची अमेरिकेतली ही पहिली गाजलेली घटना. बचावाच्या वकिलांत स्टँटन होता. मला स्वतःला कॅलिफोर्नियाचं प्रकरण जास्त महत्त्वाचं वाटतं. दप्तरात मान खाली घालून ठेकेदाराची लबाडी पकडणारा पुढचा युद्धमंत्री तिथेच दिसतो.

4. त्याने लिंकनचा अपमान केला होता, हे खरं का?

अपमान झाला हे खरं. नेमके शब्द कोणते, यावर विसंबू नये. 1855 मध्ये कापणीयंत्राच्या पेटंटवरून मॅकॉर्मिकने मॅनीवर खटला भरला. मॅनीच्या बाजूने इलिनॉयमधला स्थानिक वकील म्हणून लिंकनला घेतलं होतं. खटला सिनसिनाटीला हलल्यावर त्याची गरज उरली नाही. हार्डिंग आणि स्टँटन या बड्या वकिलांनी त्याला बाजूला सारलं, जवळ बसून बोलण्याइतकंही अगत्य दाखवलं नाही. त्याने तयार करून आणलेल्या टिपणाकडे कुणी पाहिलं नाही. स्टँटन त्याला माकड म्हणाल्याचं पुढच्या आठवणींत येतं, पण प्रत्येक आठवणीत वाक्य वेगळं आहे.

लिंकन मात्र परत गेला नाही. कोर्टात मागे बसून त्याने या मंडळींचं काम शेवटपर्यंत पाहिलं. सहा वर्षांनी युद्धखात्यासाठी माणूस हवा होता तेव्हा त्याला तो अपमान आठवला असेलच, पण त्या बाजूने केलेली तयारीही आठवली असणार.

5. स्टँटन डेमोक्रॅट होता ना? मग रिपब्लिकन मंत्रिमंडळात कसा आला?

होय, आणि 1860 च्या निवडणुकीत तो लिंकनच्या विरोधात होता. डिसेंबर 1860 मध्ये मावळता अध्यक्ष ब्यूकॅनन याने त्याला अ‍ॅटर्नी जनरल केलं. दक्षिणेची राज्यं तेव्हा एकेक करून फुटू लागली होती. चार्ल्सटन बंदरातला समटर किल्ला सोडून द्यावा असं काही मंत्र्यांना वाटे. स्टँटनने त्याला कडाडून विरोध केला. त्याच सुमारास मंत्रिमंडळात काय शिजतंय याच्या खबरा तो गुपचूप रिपब्लिकन पक्षाच्या सीवर्डला पोचवत होता. देशासाठी केलं म्हणा किंवा स्वतःच्या अध्यक्षाशी दगाबाजी म्हणा, दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

मार्च 1861 मध्ये लिंकन सत्तेवर आल्यावर स्टँटन पुन्हा वकिलीकडे वळला आणि खासगी पत्रांतून नव्या सरकारला यथेच्छ शिव्या घालू लागला. युद्धमंत्री सायमन कॅमेरॉनच्या काळात पुरवठ्याच्या कंत्राटांत बजबजपुरी माजली होती. शिवाय पळून आलेल्या गुलामांच्या हाती शस्त्रं द्यावीत, असा मजकूर त्याने लिंकनला न विचारता वार्षिक अहवालात घातला. लिंकनने त्याला रशियात राजदूत म्हणून पाठवून दिलं. गंमत म्हणजे तो मजकूर लिहायला कॅमेरॉनला मदत करणारा स्टँटनच होता. कॅमेरॉनची खुर्ची गेली आणि ती स्टँटनला मिळाली.

6. लढाया तर सेनापतींनी लढल्या. युद्धमंत्र्याने नेमकं केलं काय?

सैन्य उभं करणं, त्याला कपडे, घोडे, दारूगोळा आणि रेशन पुरवणं, ते हव्या त्या जागी पोचवणं आणि या सगळ्याची बातमी आपल्या मुठीत ठेवणं. शेवटचं काम सर्वांत कमी दिसतं आणि तेच स्टँटनला सर्वांत चांगलं कळलं होतं. तारयंत्राचं केंद्र तोवर सेनापती मॅक्लेलनच्या मुख्यालयात होतं. स्टँटनने ते उचलून युद्धखात्याच्या इमारतीत, आपल्या दालनाला लागून आणलं. कुठल्याही आघाडीवरची तार आता आधी त्याच्या टेबलावर येई. व्हाइट हाउसमध्ये तारयंत्र नव्हतंच. लिंकन रोज चालत तिथे यायचा, खणातल्या तारा चाळायचा, लढाई चालू असली तर रात्रभर बसून राहायचा. गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याचा खर्डा त्याने याच खोलीत लिहायला घेतला, असं तारखात्याचा प्रमुख एकर्ट याने नोंदवून ठेवलं आहे.

कंत्राटदारांशी वागण्याची त्याची रीत ठरलेली होती. उंच मेजापाशी उभा राहून तो रोज ठरावीक वेळ सगळ्यांच्या देखत अर्जदारांना भेटायचा. गुप्त गोष्ट नाही, ओळखपाळख नाही, दोन वाक्यांत निकाल. त्याच्याविषयीची निम्मी कटुता या मेजापाशी जन्मली असावी. युद्ध संपलं तेव्हा सैन्य दहा लाखांच्या आसपास होतं; 1865 च्या नोव्हेंबरपर्यंत त्यातल्या आठ लाखांहून जास्त सैनिकांना हिशेब चुकता करून घरी पाठवण्यात आलं.

7. रेल्वेने सैन्य हलवल्याचा किस्सा सगळीकडे सांगतात. तो काय आहे?

सप्टेंबर 1863. चिकामॉगाची लढाई हरून उत्तरेची एक फौज टेनेसीतल्या चॅटनूगा गावात अडकली होती. 23 तारखेच्या रात्री स्टँटनने लिंकनला झोपेतून उठवून बैठकीला बोलावलं आणि व्हर्जिनियातल्या सैन्याच्या दोन तुकड्या रेल्वेने तिकडे धाडायचा प्रस्ताव मांडला. लिंकनचा विश्वास बसेना. आज रात्री हुकूम दिला तरी पाच दिवसांत ही माणसं वॉशिंग्टनलासुद्धा पोचणार नाहीत, असं तो म्हणाला.

स्टँटनने रेल्वे कंपन्यांच्या प्रमुखांना बोलावून घेतलं आणि रात्रीतूनच तारा सुटल्या. सुमारे 20 हजार सैनिक, तोफा आणि घोडे ओहायो, इंडियाना, केंटकी असा वळसा घेत जवळपास 1,900 किलोमीटर दूर अलाबामातल्या ब्रिजपोर्टला गेले. वाटेत ओहायो नदी ओलांडायची होती, काही ठिकाणी रुळांची रुंदीच बदलत असल्याने गाड्या बदलायच्या होत्या. पहिली गाडी 25 तारखेला सुटली आणि दोन आठवड्यांच्या आत पायदळ पोचलं. इतकं मोठं सैन्य इतक्या दूर इतक्या लवकर तोवर कुणीच हलवलं नव्हतं.

8. म्हणजे त्याच्या हातून चुका झाल्याच नाहीत?

झाल्या, आणि पहिली भलतीच महागात पडली. एप्रिल 1862 मध्ये विजय दारात आला आहे असं समजून त्याने देशभरातली भरती केंद्रं बंद करून टाकली. दोन महिन्यांत ती पुन्हा उघडावी लागली, तोवर लोकांचा उत्साह ओसरला होता.

दुसरी चूक विनोदी आहे. मार्च 1862 मध्ये दक्षिणेची लोखंडी पत्र्याने मढवलेली युद्धनौका उत्तरेची लाकडी जहाजं बुडवत सुटली. आता ती वॉशिंग्टनवर तोफा डागणार, या भीतीने स्टँटन खिडकीतून नदीकडे पाहत येरझारा घालत होता, असं नौदलमंत्री गिडियन वेल्सने रोजनिशीत खवचटपणे लिहिलं आहे. पोटोमॅक नदीत बुडवून वाट अडवता यावी म्हणून स्टँटनने दगडांनी भरलेल्या होड्या तयार ठेवल्या. नौका आलीच नाही. काठाला पडून राहिलेल्या त्या होड्यांना लिंकन पुढे ‘स्टँटनचं नौदल’ म्हणायचा. वेल्सला स्टँटन मुळीच आवडत नसे, हे लक्षात ठेवूनच त्याची रोजनिशी वाचावी.

9. मॅक्लेलनशी त्याचं का बिनसलं?

मंत्री होण्याआधी दोघे मित्र होते. बिनसलं ते सैन्य पुढे सरकेना म्हणून. शत्रूची संख्या दुप्पट-तिप्पट धरायची आणि आणखी माणसं मागायची, ही मॅक्लेलनची सवय. जून 1862 च्या शेवटी दक्षिणेची राजधानी रिचमंडपासून माघार घेताना त्याने स्टँटनला तार केली, तिच्या शेवटी हे सैन्य तुम्हीच बळी दिलंत अशा अर्थाची वाक्यं होती. तारखात्यातल्या अधिकाऱ्याला ती इतकी उद्धट वाटली की त्याने ती कापूनच तार पुढे दिली. म्हणजे स्टँटनला त्या क्षणी ती दिसलीच नाहीत.

10. गुलामगिरीबद्दल त्याची भूमिका काय होती? कृष्णवर्णीय सैनिकांची भरती त्याने केली का?

जुलै 1862 मध्ये त्याचं तान्हं मूल गेलं. अंत्यविधीला जाताना घोडागाडीत लिंकनने परराष्ट्रमंत्री सीवर्ड आणि वेल्सपाशी गुलाममुक्तीचा विचार पहिल्यांदा बोलून दाखवला. 22 जुलैला तो मंत्रिमंडळापुढे आला तेव्हा जाहीरनामा ताबडतोब काढा, असं म्हणणाऱ्यांत स्टँटन होता. एखादा विजय मिळेपर्यंत थांबावं, हा सीवर्डचा सल्ला मानला गेला.

सैन्यभरतीत तो याहून पुढे गेला. ऑगस्ट 1862 मध्ये त्याने दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या जनरल सॅक्स्टनला पाच हजारांपर्यंत कृष्णवर्णीय सैनिक घ्यायची परवानगी दिली. मे 1863 मध्ये त्यासाठी स्वतंत्र खातं निघालं आणि युद्धाअखेर सुमारे 1,80,000 कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या सैन्यात होऊन गेले. पगारात मात्र सरळ अन्याय होता. गोऱ्या शिपायाला महिना 13 डॉलर. यांना 10, आणि त्यातून कपड्यांचे 3 कापले जात. जून 1864 मध्ये काँग्रेसने ते बरोबर केलं.

सर्वांत लक्षात राहणारा प्रसंग 12 जानेवारी 1865 चा आहे. सव्हाना शहरात स्टँटन आणि जनरल शर्मन यांनी 20 कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावलं आणि तुम्हाला काय हवं, असं विचारलं. त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर या वृद्ध उपदेशकाने उत्तर दिलं : जमीन द्या, ती कसून आम्ही आमचं पोट भरू. मग स्टँटनने शर्मनला खोलीबाहेर जायला सांगितलं आणि शर्मनबद्दल त्यांचं मत विचारलं. सेनापती दाराबाहेर, आणि आत कालपर्यंत गुलाम असलेली माणसं त्याची परीक्षा करत आहेत! चार दिवसांनी कुटुंबामागे 40 एकरांपर्यंत जमीन देणारा हुकूम निघाला. जॉन्सनने त्याच वर्षी तो फिरवला.

11. त्याने हजारो लोकांना विनाचौकशी तुरुंगात टाकलं, असं वाचलं. खरं का?

विनाचौकशी अटका झाल्या आणि त्यांची जबाबदारी त्याच्यावर येते. मात्र सुरुवात त्याने केली नाही. आधी हे काम परराष्ट्र खात्याकडे, म्हणजे सीवर्डकडे होतं. फेब्रुवारी 1862 मध्ये ते युद्धखात्याकडे आलं तेव्हा स्टँटनने आधीच्या बहुतेक राजकीय कैद्यांना हमीवर सोडलं. ऑगस्टमध्ये सक्तीच्या भरतीचा प्रश्न आला आणि त्याने उलट टोक गाठलं : भरतीला अडथळा करणाऱ्या कुणालाही पकडा, हेबियस कॉर्पस, म्हणजे अटकेला कोर्टात आव्हान द्यायचा हक्क, लागू नाही. हुकूम इतका ढगळ होता की स्थानिक अधिकाऱ्यांनी वाटेल त्याला उचललं.

नेहमीची नागरी न्यायालयं चालू असताना नागरिकांवर लष्करी खटले चालवणं घटनेला धरून नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1866 मध्ये मिलिगन प्रकरणात सांगितलं. युद्ध तोवर संपलं होतं.

12. मुंबईच्या कापसाच्या तेजीशी त्याचा काही संबंध?

थेट नाही. दक्षिणेची बंदरं कोंडून कापूस अडवला तो वेल्सच्या नौदलाने; त्या कोंडीने मुंबईत पैशाचा पूर आला. स्टँटनच्या फौजांनी युद्ध संपवलं, त्याचा फटका मात्र मुंबईला बसला. एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचा सेनापती ली याच्या शरणागतीनंतर भाव कोसळले आणि जुलैत शेअर बाजार बुडाला. महाराष्ट्राशी दुसरा धागा महात्मा फुल्यांचा. 1873 मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना.

13. लिंकनच्या हत्येच्या रात्री त्याने काय केलं?

14 एप्रिल 1865 च्या रात्री नाट्यगृहासमोरच्या पीटरसनच्या घरात, नाटक पाहताना गोळी लागलेला लिंकन बेशुद्ध पडला होता आणि शेजारच्या खोलीत स्टँटन सरकार चालवत होता. सीवर्डवरही त्याच रात्री घरात घुसून चाकूहल्ला झाला होता. उपाध्यक्ष जॉन्सन गोंधळलेला. स्टँटनने साक्षी घ्यायला सुरुवात केली. लघुलेखन येणारा कुणी हवा म्हटल्यावर जेम्स टॅनर नावाचा, लढाईत दोन्ही पाय गमावलेला तरुण पुढे आला. पहाटेपर्यंत मारेकरी बूथचं नाव नक्की झालं होतं आणि तारा सगळीकडे गेल्या होत्या.

सकाळी 7.22 ला लिंकन गेला. तेव्हा स्टँटन म्हणाला, ‘आता तो युगायुगांचा झाला’. हे वाक्य छापलं गेलं पंचवीस वर्षांनी. तिथे हजर असलेल्या सगळ्यांना ते असंच आठवत नाही. पुढे आरोपींवर लष्करी आयोगापुढे खटला चालला. कैद्यांच्या डोक्यावर जाड कापडाच्या टोप्या चढवायचा हुकूम स्टँटनचा. 7 जुलैला चौघांना फाशी झाली, त्यात मेरी सरॅट ही स्त्रीही होती.

14. मग तोच कटात होता, ही कथा कुठून आली?

1937 मध्ये एका रसायनशास्त्रज्ञाने ती लोकप्रिय केली. मुद्दे तेच तेच येतात. लिंकनने नाटकाला सोबत म्हणून एकर्टला मागितलं तेव्हा काम आहे म्हणून स्टँटनने त्याला सोडलं नाही. बूथची रोजनिशी युद्धखात्याकडे होती आणि तिची पानं गायब आहेत. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. त्या संध्याकाळी ग्रँटनेही नकार दिला होता, आणि लिंकनने असं हिंडूच नये असं स्टँटन वारंवार सांगत असे. पानं गायब आहेत एवढ्याने ती कुणी व का फाडली ते सिद्ध होत नाही. बूथ आणि त्याच्या साथीदारांना पकडून देण्यासाठी लाखभर डॉलरची बक्षिसं लावणारा सूत्रधार मला तरी पटत नाही.

15. शर्मनने त्याचा हात का झिडकारला?

18 एप्रिल 1865 ला शर्मनने दक्षिणेच्या जनरल जॉन्स्टनला फारच उदार अटी दिल्या. बंडखोर राज्य सरकारांना मान्यता देण्यापर्यंत मजल गेली. मंत्रिमंडळाने त्या एकमताने फेटाळल्या, तिथपर्यंत ठीक. पण स्टँटनने फेटाळण्याची कारणं वर्तमानपत्रांत छापून आणली आणि शर्मनने दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याला पळायला वाट दिली, असा संशयही सुचवला. हे अनावश्यक होतं. 24 मेच्या विजयसंचलनात शर्मनने मंचावर सगळ्यांशी हस्तांदोलन केलं, स्टँटनचा हात तेवढा वगळला.

16. अध्यक्ष जॉन्सन आपल्याच मंत्र्याला काढू का शकला नाही?

दक्षिणेत पुन्हा जुन्याच जमीनदारांच्या हाती सत्ता जाऊ द्यायची की लष्कराच्या देखरेखीखाली कृष्णवर्णीयांना मताधिकार द्यायचा, हा खरा झगडा. जॉन्सन पहिल्या बाजूचा, काँग्रेस दुसऱ्या. लष्कराची दोरी युद्धमंत्र्याच्या हातात होती आणि तो काँग्रेसच्या बाजूने होता. मार्च 1867 मध्ये काँग्रेसने जॉन्सनचा नकाराधिकार मोडून कायदा केला की सिनेटच्या (संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या) संमतीने नेमलेल्या अधिकाऱ्याला सिनेटच्या संमतीशिवाय काढता येणार नाही. हा कायदा घटनाबाह्य आहे, असं मत स्टँटननेच मंत्रिमंडळात दिलं होतं, नकारपत्र तयार करायला हातभारही लावला होता. पुढे त्याच कायद्याच्या आडोशाला तो उभा राहिला!

5 ऑगस्ट 1867 ला जॉन्सनने राजीनामा मागितला, स्टँटनने दिला नाही. 12 ऑगस्टला निलंबन होऊन ग्रँट हंगामी मंत्री झाला. 13 जानेवारी 1868 ला सिनेटने निलंबन नामंजूर केलं, ग्रँट बाजूला झाला आणि स्टँटन परत खुर्चीवर.

17. तो खरंच कार्यालयात कोंडून घेऊन बसला होता का?

होय. 21 फेब्रुवारी 1868 ला जॉन्सनने त्याला थेट बडतर्फ करून लोरेन्झो थॉमस या वयस्कर जनरलला नेमलं. सिनेटर समनरने स्टँटनला निरोप धाडला, त्यात एकच शब्द होता : चिकटून राहा, एवढ्या अर्थाचा. स्टँटनने दालनातच मुक्काम ठोकला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या तक्रारीवरून थॉमसला न्याहारीआधीच अटक झाली. जामिनावर सुटून तो ताबा मागायला आला आणि निदान उपाशीपोटी तरी पकडायचं नव्हतं, अशी तक्रार करू लागला. स्टँटनने व्हिस्की मागवली, दोघांनी ती घेतली, आणि थॉमस ताबा न मिळवता परत गेला. हे थॉमसने स्वतःच साक्षीत सांगितलं आहे.

24 फेब्रुवारीला प्रतिनिधिगृहाने 126 विरुद्ध 47 मतांनी जॉन्सनवर महाभियोग ठेवला. सिनेटमध्ये 16 मे रोजी 35 विरुद्ध 19, म्हणजे दोषी ठरवायला लागणाऱ्या दोन-तृतीयांशाला एक मत कमी पडून तो वाचला. 26 मेला उरलेलं मतदानही तसंच झालं आणि त्याच दिवशी स्टँटनने खुर्ची सोडली.

18. पण तो कायदा स्टँटनला लागू होत होता का?

या पानावरचा सर्वांत किचकट प्रश्न. ज्या अध्यक्षाने नेमलं त्याची मुदत आणि त्यावर एक महिना, एवढंच संरक्षण कायद्याने मंत्र्यांना दिलं होतं. स्टँटनला नेमलं लिंकनने, 1862 मध्ये, पहिल्या कार्यकाळात. लिंकनची मुदत त्याच्या मृत्यूबरोबर संपली, तेव्हा स्टँटनला संरक्षण नाही, असं जॉन्सनचे वकील म्हणाले. जॉन्सन लिंकनचीच उरलेली मुदत भोगतो आहे, असं फिर्यादी म्हणाले. मला जॉन्सनच्या वकिलांचं म्हणणं जास्त वजनदार वाटतं. बडतर्फीचा हुकूम बेकायदा होता, या पहिल्याच आरोपावर सिनेटने कधी मत घेतलं नाही. मतदान झालं ते दुसऱ्या, तिसऱ्या आणि अकराव्या कलमावर. कायदा 1887 मध्ये रद्द झाला. असं बंधन घटनेत बसत नव्हतं, असं सर्वोच्च न्यायालय 1926 मध्ये दुसऱ्याच एका प्रकरणात म्हणालं.

19. तो सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश होता, असं काही याद्यांत दिसतं. बरोबर आहे का?

नेमणूक झाली, शपथ झाली नाही. ग्रँट अध्यक्ष झाल्यावर 20 डिसेंबर 1869 ला त्याने स्टँटनचं नाव पाठवलं आणि सिनेटने त्याच दिवशी 46 विरुद्ध 11 मतांनी संमती दिली. जागा रिकामी करणारे न्यायमूर्ती ग्रियर अजून पदावरच होते. 24 डिसेंबरला पहाटे दम्याने स्टँटन गेला, वय 55. म्हणून न्यायाधीशांच्या यादीत तो धरत नाहीत. गळा चिरून घेतल्याची अफवा पुढे बरीच वर्षं फिरली. भावाच्या आत्महत्येमुळे (प्रश्न 1) तिला खतपाणी मिळालं असावं. मागे फारशी पुंजी नव्हती. मित्रांनी वर्गणी गोळा केली आणि काँग्रेसने न्यायाधीशाचा एक वर्षाचा पगार कुटुंबाला मंजूर केला.